रिकाम्या खुर्चीचे पत्ते

ट्रेलेऊ, ५ जून

फेर्मिन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. पत्ता तुझ्या आईने दिला, तोही रॉसनला तिच्या दारी दोनदा हेलपाटा मारल्यावर, आणि वर "पोराला त्रास देऊ नकोस" असं बजावून. त्रास द्यायला माझ्यात आता तेवढी ताकद उरलेली नाही. हे पत्र कोमोदोरोच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. पोस्टापेक्षा तो बरा.

इथलं सगळं तसंच. मासळीच्या कारखान्यात शीतगृहाचा दुसरा कॉम्प्रेसर पुन्हा धापा टाकतो आहे. मालक म्हणतात, नवा पुढच्या वर्षी. हे पुढचं वर्ष मी बरीच वर्षं ऐकतो आहे. हातांना आता उन्हाळ्यातही ऊब येत नाही.

गुरुवारी कामावरून सुटलो की कॅसिनोत पोकर खेळायला जातो, रोख पैशांच्या टेबलावर. पूर्वी जाताना पावलं आपोआप भराभर पडायची. आता जाड अंगरखा काढून खुर्चीत बसलो की वाटतं, पाळी बदलली, एवढंच. जिंकलो तर येताना पाव आणि चीज घेतो, हरलो तर घरात असेल ते. स्पर्धेत निदान हरलं की उठावं लागतं. रोखीच्या टेबलावरून कधीही उठता येतं, आणि म्हणूनच उठणं होत नाही.

यामिल तसाच आहे. लोक त्याला अजून तुर्क म्हणतात आणि तो अजून चिडून सांगतो की आमचे आजोबा लेबनॉनचे. हार्डवेअरचं दुकान भाचा बघतो, हा पत्ते बघतो. परवा तेल कंपनीतला एक पोरगा काळा चष्मा लावून खेळायला आला. दर पैजेला गालावर हात ठेवून विचार. यामिल म्हणाला, "चष्मा काढ रे बाबा, तुझे पत्ते तुलाच दिसत नसतील." पोरगा हसला नाही. थोड्या वेळाने सगळं हरून उठला आणि चष्मा टेबलावरच विसरला. यामिलने तो स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि शेवटपर्यंत तसाच बसला. हरला तोही.

एलुनेदबाई तुझी चौकशी करतात. तुला भूगोल शिकवला म्हणून तुझ्यावर अजून आपला हक्क आहे असं त्यांना वाटतं. मांडीवर विणकाम, पुढ्यात पैजेच्या चकत्या, आणि तासातून एखादा डाव खेळणार, तो जिंकणार. "कोमोदोरोत वारा कसा आहे विचार त्याला," म्हणाल्या. विचारलं.

जुलैची हिवाळी स्पर्धा यंदा दोन शनिवारी आहे. पहिल्या शनिवारी जे टिकतील त्यांच्या चकत्या पिशवीत भरायच्या, वर नाव लिहायचं आणि तिजोरीत ठेवायच्या. दुसऱ्या शनिवारी तिथूनच पुढे. मी नाव दिलं आहे. तू ये असं म्हणत नाही. कळवलं, एवढंच.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या डावाबद्दल मी काही लिहिणार नाही.

तुझा बाप,
अन्सेल्मो

ट्रेलेऊ, २४ जून

फेर्मिन,

तुझं उत्तर नाही. पण काल कॅसिनोच्या भिंतीवर स्पर्धेची यादी लागली, आणि माझ्या नावाखाली तुझं नाव.

मी रोसेल्लोला गाठलं. तू गेल्यानंतर तो हॉलचा मुख्य पंच झाला आहे, आता टाय लावतो. म्हटलं, हे आडनाव चुकून दोनदा पडलंय का?

"पैसे कोमोदोरोहून आलेत," तो म्हणाला. "आणि इतुर्रियोस नावाची माणसं या गावात आहेत किती, डॉन अन्सेल्मो? तुम्ही आणि तो."

"नातेवाईकांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवता ना?"

"चिठ्ठी निघेल तसं. त्या वेळी तुम्हीच तर सगळ्यांना सांगितलंत, टेबलावर कोणी कुणाचा नसतो म्हणून."

यामिलने यादी वाचली आणि माझ्या पाठीत एक थाप घातली. "अरे म्हाताऱ्या, पोरगा तुझी कातडी सोलायला येतोय!"

एलुनेदबाईंनी सुयांवरून नजर काढली नाही. "सोलू दे," म्हणाल्या. "अंगावर आहेच किती."

आता तू नाव दिलंच आहेस तर त्या डावाबद्दल थोडं लिहितो. लिहिणार नव्हतो.

आपण चौघं उरलो होतो, आणि तिघं बुएनोस आयरेसच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होते. चौथ्या माणसाकडे चकत्या नावालाच होत्या. आपण दोघं गप्प बसलो असतो तर तो आपोआप गेला असता. तू टेबलाखाली माझ्या बुटाला बूट लावलास. मला कळलं. माझ्या हातात दोन एक्के होते. मी सगळ्या चकत्या पुढे सारल्या. तू माझ्याकडे बघत आपल्याही सारल्यास, आणि हरून बाहेर गेलास. मग मी मोठ्याने म्हणालो की टेबलावर कोणी कुणाचा बाप नसतो, आणि यामिल हसला. ते हसणं नको होतं. तेवढं मी मान्य करतो.

पण डाव बरोबर होता. बापलेक एकमेकांना सांभाळून खेळायला लागले तर तिसऱ्याने त्या टेबलावर बसायचं कशाला? हे मीच तुला शिकवलं, स्वयंपाकघरात चकत्यांच्या जागी वाळलेले वाटाणे मांडून. तेव्हा तू रडायचास आणि आई म्हणायची, एक डाव सोड त्याच्यासाठी. मी सोडला नाही, आणि म्हणूनच तू माझ्यापेक्षा चांगला खेळायला लागलास.

तर ये. माझ्याविरुद्ध खेळ. मी तुला एक चकती सोडणार नाही.

अन्सेल्मो

ट्रेलेऊ, १३ जुलै, रविवार

फेर्मिन,

तू आला नाहीस. कारण विचारत नाही. तिकडे वाऱ्याने रस्ता बंद झाला होता असं बसवाले म्हणत होते. तुझी कामाची पाळी बदलली असेल. किंवा यातलं काहीच नसेल.

काल काय झालं ते लिहितो, कारण यामिलच्या तोंडून कळलं तर तो मीठमसाला लावेल.

मी चिठ्ठी ओढली, पाच नंबरची खुर्ची. तुझी चिठ्ठी रोसेल्लोने ओढली, त्याच टेबलाची सहा नंबरची. म्हणजे माझ्या डाव्या हाताला अगदी लागून. सगळे हसले. मी केस विंचरून गेलो होतो, हे कशाला लिहितो आहे कोण जाणे.

दुपारी खेळ सुरू झाला, तुझ्यापुढे चकत्यांचा ढीग, आणि खुर्ची रिकामी. टेबलावर माद्रिनचा एक दाताचा डॉक्टर होता, पहिल्यांदाच आलेला. त्याने पत्ते वाटणाऱ्या पोरीला, नोएलियाला विचारलं, "हे गृहस्थ कुठे आहेत?"

"नाही आले."

"मग चकत्या कशाला ठेवल्यात?"

"पैसे भरलेत ना. माणूस असो नसो, पत्ते त्यालाही वाटायचे. त्याची पाळी आली की मी ते फेकते. सक्तीची पैज आली की त्याच्या ढिगातून मी काढते. ढीग संपला की खुर्ची उचलायची."

"म्हणजे मेलेला माणूससुद्धा खेळू शकतो?"

"काही जिवंतांपेक्षा बरा खेळतो," यामिल म्हणाला, "हे बघा, समोरच बसलेत," आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरला सक्तीची पैज म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हतं. नोएलियाने हात न थांबवता सांगितलं. प्रत्येक डावात दोघांना पत्ते बघायच्या आधीच चकत्या टाकाव्या लागतात. एकाला छोटी पैज, त्याच्या डावीकडच्याला मोठी, आणि ही पाळी टेबलाभोवती फिरत राहते. बाकी सगळ्यांनी पत्ते टाकून डाव सोडला तर मोठी पैजवाल्याला दोन्ही मिळतात. मग डॉक्टरने बोटाने खुर्च्या मोजल्या आणि मला म्हणाला, "अरे वा! तुमच्यावर छोटी येते तेव्हा मोठी या रिकाम्या खुर्चीवर. तुम्हाला तर ही पेन्शनच आहे."

त्याचं खरं होतं. सगळ्यांनी पत्ते टाकले की उरणार मी आणि तुझी खुर्ची. मी रक्कम जरा चढवली की तुझी पैज फुकटात माझी. उलट मीही पत्ते टाकले, तर माझी छोटी पैज तुझ्या ढिगात.

रिकामी खुर्ची दिसली की टेबल कसं होतं ते तुला माहीत आहे. तुझ्यावर मोठी पैज आली की हातात काही नसलेलेही चढवायला लागले. एलुनेदबाईसुद्धा. मी त्यांच्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "पोराला बोलाव."

मग एकदा कोणीच चढवलं नाही आणि पाळी माझ्यापर्यंत आली. माझे पत्ते खरंच वाईट होते. टाकले. नोएलियाचा हात क्षणभर थांबला, मग तिने माझी चकती तुझ्याकडे सरकवली. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा माझ्याकडे राणी आणि दश्शी होती. टाकले.

"बघा, बघा," यामिल म्हणाला, "म्हातारा खुर्चीला भरवतोय. एक घास काऊचा..."

तिसऱ्यांदा नव्व्यांची जोडी. तीही टाकली. डॉक्टर बिचारा खरोखर शिकायला आला होता. त्याने निरागसपणे विचारलं, "हे असं चालतं का?"

रोसेल्लो आला. "डॉन अन्सेल्मो, तुम्ही मुद्दाम चकत्या देताय का?"

"पत्ते वाईट होते."

"तिन्ही वेळा?"

"माझं नशीब तुम्हाला ठाऊक आहे."

त्याने माझे टाकलेले पत्ते उलटले. दोन नव्वे वर तोंड करून पडले. एकाने दुसऱ्याला चकत्या चारणं म्हणजे काय आणि त्याला शिक्षा काय, हे मी गेली वीस वर्षं नवख्यांना समजावत आलो आहे. रोसेल्लोने मलाच समजावून सांगितलं, आवाज न चढवता. एक फेरी टेबलाबाहेर. पुन्हा झालं तर स्पर्धेतून बाद.

मी दोरीच्या मागे जाऊन उभा राहिलो. आता दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, शेजारी शेजारी. नोएलिया दोघांना पत्ते वाटत होती, पाळी आली की दोघांचे फेकत होती, माझ्या ढिगातून एक चकती काढायची, मग तुझ्यातून. दोन्ही ढीग हळूहळू खाली येत होते. कोणाला आपलं काही वाईट वाटत नव्हतं, आणि वाटायचं कारणही नव्हतं. मी पाहत होतो आणि माझ्या मनात एकच आलं, की बाहेरून हे असं दिसतं.

मग परत बसलो. थोड्या वेळाने राजांची जोडी आली, सगळ्या चकत्या लावल्या, डॉक्टरला शेवटच्या पानावर एक्का लागला आणि मी गेलो. त्याने माझी माफी मागितली.

तुझा ढीग मात्र दिवस संपेपर्यंत टिकला. लहान आहे, पण आहे. पिशवीत भरून वर तुझं नाव लिहिलं आहे. पुढचा शनिवार, दुपारी तीन वाजता. आलास तर मी एका कोपऱ्यात बसून बघेन. बोलणार नाही.

अन्सेल्मो

ट्रेलेऊ, १५ जुलै

फेर्मिन,

हे पत्रही बसवाल्याकडेच देतो आहे. तुझ्या हातात पडेपर्यंत थांब असं त्याला सांगितलं आहे, त्याबद्दल त्याला पाच किलो कोळंबी कबूल केली आहे. तेव्हा त्याच्यावर ओरडू नकोस.

परवाच्या पत्रात राजांची जोडी लिहिली. राजा एकही नव्हता.

काल बेकरीत एलुनेदबाई भेटल्या. "पोराला काय कळवलंस?" म्हणाल्या. मी सांगितलं.

"राजांवर हरलास?"

"हो, असं लिहिलं."

"आणि शनिवारी कोपऱ्यात बसून बघणार?"

"हो."

"तुला दारातून आत तरी घेतील का?" बेकरीतली मुलगी बघायला लागली तसा त्यांनी आवाज खाली केला, पण शाळेतला आवाज किती खाली जाणार. "अन्सेल्मो, पत्त्यांत तुला सगळं दिसतं, बाहेर काही दिसत नाही. तू कोपऱ्यात बसणार म्हटल्यावर तो बस स्टँडवरूनच परत जाईल. खरं लिही त्याला. खरं त्याच्या सोयीचं आहे."

तर खरं असं.

शिक्षा भोगून मी परत बसलो. माझा ढीग चांगला होता, नीट खेळलो असतो तर दुसऱ्या शनिवारी आरामात गेलो असतो. तुझा ढीग अगदी तळाला आला होता. एक मोठी पैज, आणि वर दोन-तीन चकत्या. फिरत फिरत पाळी परत तिथेच आली. माझ्यावर छोटी, तुझ्यावर मोठी. डॉक्टरने टाकले. यामिलने टाकले. एलुनेदबाईंनी पत्ते बघितले, जरा थांबल्या, टाकले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. रोसेल्लो पाठीमागेच उभा होता.

मी पत्ते उचलूनही बघितले नाहीत.

"डॉन अन्सेल्मो," नोएलिया ओठ न हलवता म्हणाली, "थोडं तरी लावा."

"लाव रे," यामिल म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "लाव बाबा. दिवसभर बसलायस."

मी ते दोन पत्ते तसेच पालथे पुढे ढकलले.

रोसेल्लोने माझ्या चकत्या टेबलावरून उचलल्या. हिवाळा संपेपर्यंत हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं, आणि दारापर्यंत सोडायला आला. त्याचा दोष नाही. त्याच्या जागी मी असतो तर सोडायलाही आलो नसतो. दिवस संपायला मग फार वेळ उरला नव्हता, म्हणून तुझा ढीग वाचला.

त्या जुन्या डावाबद्दल माझं मत बदललेलं नाही. तो बरोबर होता. हा चुकीचा होता. दोन्ही मीच खेळलो, आणि का ते मला विचारू नकोस, मला झोप येते आहे आणि सकाळी सहाला कामावर जायचं आहे.

तर शनिवारी मी तिथे नसणार. कोपऱ्यात नाही, दारात नाही, समोरच्या हॉटेलातही नाही. कारखान्यात असेन. कॉम्प्रेसर अखेर उघडायचं ठरलं आहे, आणि शीतगृहाच्या आत फोन लागत नाही. तू ये, खेळ, आणि मला न भेटता परत जा. जेवायला आईकडे जा, ती खूश होईल.

टेबलावर कोण आहे ते सांगतो. एलुनेदबाईंनी विणकाम पिशवीत ठेवलं की पत्ते टाकून दे, तू त्यांचा लाडका असलास तरी. यामिल बडबडत असेल तर हातात काही नाही, गप्प झाला तर जप. दाताच्या डॉक्टरला हूल देऊ नकोस. घाबरायचं कशाला हेच त्याला कळत नाही, तो चकत्या लावून तुझे पत्ते बघणारच. आणि एवढ्याशा ढिगावर चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसू नकोस. पहिला एक्का दिसला की सगळं पुढे कर. मी वाट बघत बसलो असतो, पण तू तसा खेळत नाहीस.

रोसेल्लोला ओळखपत्र दाखव. पिशवी तो तुझ्यासमोरच फोडेल. चकत्या स्वतः मोजून घे. त्यातल्या काही माझ्या आहेत. सगळ्या एकाच रंगाच्या, त्यामुळे कुठल्या ते आता तुलाही कळणार नाही आणि मलाही नाही.

तुझा बाप